हरणी घाटात नुसती उभी राहील

मी कुत्र्या-घोड्यांच्या पाठी बघते. हे सांगितलं की पुण्यातली माणसं आधी हसतात, आणि मग हळूच बाजूला घेऊन विचारतात, आमच्या लॅब्रॅडॉरला जिना चढवत नाही हो, बघाल का? पशुवैद्यकीची पदवी घेतल्यावर मी हे पाठीचं काम वेगळं शिकले. सांधे हाताने चाचपायचे, आखडलेले स्नायू मोकळे करायचे, अडकलेला मणका नेमक्या जागी दाबून पुन्हा हलता करायचा. यात जादू काही नाही, वेळ मात्र फार जातो. माझे नेहमीचे पेशंट म्हणजे सोफ्यावरून उड्या मारणारे कुत्रे आणि क्लबातले खाऊनपिऊन सुखी घोडे. त्यामुळे आंबेगाव तालुक्यातून एका मुलीचा फोन आला, "मॅडम, आमची घोडी पाठीला हात लावून देत नाही आणि रविवारी घाट आहे," तेव्हा मी पिशवी भरली आणि निघाले. चार दिवस हवापालट होईल, असाही एक भाबडा विचार होता.

घाट म्हणजे इथे डोंगरातला रस्ता नव्हे. बैलगाड्यांच्या शर्यतीसाठी गावाबाहेर चढणीची लांब धावपट्टी असते, तिला घाट म्हणतात. गाड्याला चार बैल, वर माणूस कुणी नाही. बैलांच्या पुढे एक घोडी आणि तिच्यावर स्वार. निशाण पडलं की घोडी सुटते आणि बैल तिच्या मागे जीव तोडून पळतात. अशा एका धावेला बारी म्हणतात. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळं संपतं. पण तेवढ्यात घोडी अडखळली तर मागचे बैल थांबत नाहीत, त्यांना थांबताच येत नाही. आणि या घोडीवर बसणार होती ती फोन करणारी मुलगीच.

अवसरी खुर्द ते डिंभे

फोन करणारी ती मुलगी, ऋतुजा, मला अवसरी खुर्दच्या फाट्यावर घ्यायला आली. तिथल्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अंगाने काडी, आवाज मात्र पाटलाचा. डिंभ्याची बस कधी येते असं विचारलं, तर म्हणाली तिला वाटेल तेव्हा, आणि माझी पिशवी स्कूटरच्या पायाशी कोंबून मोकळी झाली. वाटेत दोन्ही बाजूंनी ऊस. अंधार पडायच्या आत हा पट्टा ओलांडायचा, बिबट्या बसलेला असतो, हे तिनं पुढे स्पीडब्रेकर आहे अशा सुरात सांगितलं. मी तिच्या खांद्याला घट्ट धरलं आणि नंतरचा सगळा ऊस डोळे मिटून पाहिला.

वस्ती डिंभे धरणाच्या अलीकडे, पाणी दिसेल इतक्या अंतरावर. ऋतुजाचे वडील किसनभाऊ यांचे वाडवडील मेंढ्या घेऊन कोकणात उतरायचे. अख्खा संसार, भांडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, सगळं घोडीच्या पाठीवर. आता मेंढ्या धाकट्या भावाकडे, किसनभाऊंकडे कांदा आणि ऊस. पण घोडी सोडवली नाही. बापाच्या घोडीच्या वंशातली ही हरणी, तांबूस अंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. पोरीगत वाढवली, असं ऋतुजाची आई अलकावहिनी म्हणाल्या, आणि लगेच पोरीकडे बघून, हिच्यापेक्षा जास्त ऐकते, असंही म्हणाल्या.

किसनभाऊंनी मला थेट घोडीला हात लावू दिला नाही. आधी कुत्रा दाखवला. काळू, गळ्यात खिळ्यांचा पट्टा. उन्हाळ्याच्या तोंडाला बिबट्याने त्याला पट्ट्याला धरून ओढलं होतं. जीव वाचला, पण मान तेव्हापासून एका बाजूला. तुम्ही माझी परीक्षा घेताय, मी म्हटलं. ते हसले नाहीत. मी जमिनीवर बसले आणि काळूच्या मानेवर, खांद्यांवर बराच वेळ घालवला. शेवटी त्याने लांबलचक जांभई दिली, माझ्या तोंडावरून जीभ फिरवली आणि उठून दोन्हीकडे मान वळवून पाहिली. किसनभाऊ म्हणाले, चला आता घोडीकडं, डाक्टरीणबाई. मी पास झाले होते.

हरणीचं दुखणं खोगिराच्या मागे होतं, कंबरेपाशी. स्नायू लाकडासारखे, शेपूट एकीकडे धरलेली, डावा मागचा पाय आखूड पडत होता. मागच्या जत्रेतून परतताना पिकअप बांधाला न लावता तिला वरूनच उडी मारायला लावली होती आणि ती घसरली होती. मी हात ठेवला तेव्हा तिने कान मागे पाडले. मग ऊन कलेपर्यंत मी, ती आणि तिची पाठ. हळूहळू तिची मान खाली आली, ओठ सैल पडले, डोळे मिटले. सोडून चालवली तर पाऊल लांब पडत होतं. ऋतुजाने तोंडावर हात धरला. किसनभाऊंनी मला हात जोडले. आणि मी, शहाणी, कौतुकाने सुखावले.

"बरी झाली," ते म्हणाले.

मी म्हटलं, बरी नाही झाली. दुखणं उतरलंय, सांधा अजून ढिलाच आहे. निदान दोन महिने पाठीवर कुणी बसायचं नाही, नुसती हातात धरून फिरवायची. सगळ्यांनी माना हलवल्या. अलकावहिनींनी मासवड्या केल्या होत्या. मासवडीत मासा नसतो, बेसनाच्या गुंडाळीत तीळ-खोबऱ्याचं सारण आणि वर तर्रीदार रस्सा, हे न गेलेल्यांसाठी सांगून ठेवते. आमच्याकडे पुण्यात पाहुण्याला अजून एक घ्या म्हणतात, इकडे विचारत नाहीत, वाढतात. मी तुडुंब जेवले. आणि हात धुताना ऐकलं, की रविवारी हरणीला कोणत्या वाटेने घाटावर न्यायची याची बोलणी चालली आहेत.

वस्तीवर

माझं डोकं फिरलं. सकाळी चहाच्या आधीच मी भांडायला बसले. मला वाटलं होतं बाप अडेल, मुलगी समजून घेईल. झालं उलटंच. ऋतुजा तडतड बोलत होती. सगळा हिवाळा तिने हरणीला रविवारी पळणाऱ्या बैलांपुढे पळवली होती, बैल दुसऱ्या घोडीमागे मन लावून पळत नाहीत, आणि या भागात मुलीने बारीला बसणं अजून लोकांच्या गळी उतरत नाही. पहिल्याच मोठ्या घाटाला माघार घेतली तर सगळे म्हणणार, भ्याली. शिवाय चालताना दिसतेय की नाही चांगली? मग?

"तुम्हीच तर बरी केली, मॅडम."

खरंच होतं ते. काल हरणीला दुखत होतं तोवर ती स्वतःच कुणाला पाठीवर येऊ देत नव्हती. तिची ती राखण मी हातांनी काढून घेतली होती. आता चढणीवर भर वेगात तो सांधा सरकला, तर ती पुढच्या पावलाला कोसळणार, मुलगी तिच्यासकट खाली, आणि वरून चार बैल. मी हे असंच, याच शब्दांत बोलून दाखवलं. अलकावहिनी उठून आत गेल्या.

किसनभाऊंचं वेगळंच दुखणं होतं. बैल होते लोणीच्या सोपानअण्णांचे, घोडी यांची. गाड्यांच्या जगात असे जोड शब्दावर चालतात. कागद नाही, काही नाही. ऐन वेळी घोडी काढून घेतली की माणूस बाद, पुन्हा कुणी त्याच्याशी जोड करत नाही.

बोलून काही होईना, तेव्हा मी एकच विनंती केली. ऋतुजाने एकदाच हरणीवर बसावं, जागच्या जागी, एक पाऊलही न टाकता. आणि किसनभाऊंनी आपला तळहात तिच्या कंबरेवर ठेवावा, मी दाखवते तिथे. ऋतुजा टांग टाकून अलगद बसली, तोऱ्यात. हरणी दगडासारखी शांत. बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसलं नसतं. मी घोडीकडे बघतच नव्हते, किसनभाऊंच्या तोंडाकडे बघत होते. ते उतरत गेलं.

"उतर," ते म्हणाले.

"काय झालं, दादा?"

"उतर म्हनलं ना. आतनं कापतीया ती."

ऋतुजा उतरली आणि कुणाशी न बोलता पाण्याच्या दिशेने चालायला लागली. किसनभाऊंनी हात काढला नव्हता. तो तसाच ठेवून म्हणाले, आता अण्णाला तोंड दाखवाया लागंल.

लोणी

लोणी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला. डिंभ्याकडचा हिरवा डोंगर मागे पडतो आणि जमीन सपाट, उघडी होत जाते. आम्ही दोघं मोटारसायकलवर होतो. एकदाच चहाला थांबलो, तर किसनभाऊ कप तसाच ठेवून उठले.

सोपानअण्णा अंगणात बैलांना खरारा करत होते. उंच, म्हातारा, धोतरातला माणूस. बैल काय होते म्हणून सांगू, नजर ठरत नव्हती. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, आतून गुळाचा चहा मागवला. मग बशी खाली ठेवून किसनभाऊंना म्हणाले, "घोडी आजारी हाय, का दुसऱ्याच्या गाड्याला निघालीया?"

किसनभाऊंचा चेहरा पांढरा पडला. मी उसळले. मी डॉक्टर आहे, माझ्या हाताने तपासलंय, असं बरंच काही चढ्या आवाजात बोलले. अण्णांनी शांतपणे सांगितलं की तुमच्यावर माझा अविश्वास नाही बाई, पण अशी आजारपणं इकडे लई बघितलीत. सकाळी लंगडणारी घोडी दुपारी दुसऱ्याच्या बारीला वाऱ्यासारखी पळते. लोक मला हसतील आणि किसनला शिव्या देतील. मग त्यांनीच तोड काढली. ते दुसरी घोडी आणि तिचा स्वार बघतील. पण हरणीला घाटात आणायचं. दिवसभर, सगळ्यांच्या नजरेसमोर ती उभी राहिली पाहिजे. ती कुणाच्याच गाड्याला पळाली नाही हे चार गावांनी बघितलं, की किसनचा शब्दही राहतो आणि माझंही समाधान होतं.

किसनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मला तर सुटल्यासारखं झालं होतं. पाठीवर कुणी बसणार नाही, एवढंच मला हवं होतं. उभं राहायला काय होतंय, मी म्हटलं. वर हेही म्हटलं, की हरणी घाटात नुसती उभी राहील, ही माझी जबाबदारी. अण्णांनी मान डोलावली. परतताना किसनभाऊ चहाला थांबून दोन कप प्याले, आणि मी धरणाची मासळी खायची राहिली म्हणून कुरकुरलेसुद्धा.

घाट

जुन्नरच्या बाजूला एका गावाच्या जत्रेतला घाट होता. पिकअप मी हट्टाने बांधाला लावायला लावली, हरणी एकेक पाऊल टाकत उतरली. ऊन मी म्हणत होतं. रेवड्या, गोडी शेव, उसाचा रस, पिवळाधमक भंडारा सगळ्यांच्या कपाळांवर, आणि या सगळ्यावर भोंगा. शर्यतीचा निवेदक ज्या दमाने बोलतो तो दम आमच्या पुण्यातल्या कुठल्याच वक्त्यात नाही. गाडा सुटला की 'झाली, झाली, झाली' आणि शेवटी जिभेवर घोळवलेला लांब 'भिर्रर्र', की माणसं टोप्या उडवतात.

हरणीला सुटणीच्या जागेजवळ बाभळीखाली उभं केलं, सगळ्यांना दिसेल अशी. कासरा ऋतुजाच्या हातात, मी शेजारी. ऋतुजा माझ्याशी अजून बोलत नव्हती. येणारेजाणारे चौकशी करत होते, ती एकच उत्तर देत होती, पाठ दुखते. मला तिची दया येत होती आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. एका क्षणात ही टांग टाकेल आणि मी बघत राहीन, असं सारखं वाटत होतं. मी त्या मुलीवर डोळा ठेवून होते. घोडीवर ठेवायला हवा होता.

दोन-चार बाऱ्या झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. भोंगा वाजला की हरणीचे कान टवकारायचे. नंतर मान वर, नाकपुड्या फुगलेल्या. पुढच्या बारीला तिच्या मानेवर घामाचा फेस होता, आणि ती एका जागी पाय बदलत होती, निशाण पडायची वाट बघणारी घोडी बदलते तसे. मी धावत किसनभाऊंना गाठलं आणि म्हटलं, हिला इथून हलवू या, लांब, आवाज येणार नाही तिथे, आत्ता. त्यांना पटलं. पण तेवढ्यात अण्णांचा गाडा पुकारला. आता हलवली तर लोक काय समजतील, एवढी बारी होऊ द्या, ते म्हणाले. एवढी एकच.

बैल आणले. त्यांनी हरणीला पाहिलं आणि पुढचा एक हंबरला. हरणी खिंकाळली. मी तिच्या गळ्याला मिठी मारली, ऋतुजाने कासरा मनगटाला गुंडाळला. समोर ती दुसरी घोडी उभी राहिली, हरणीच्या जागेवर. मी हरणीच्या कानात काय काय बोलत होते देव जाणे. निशाण पडलं.

तिने मला अंगावरून माशी झटकावी तसं बाजूला फेकलं. ऋतुजा दोन पावलं ओढली गेली. मी पडल्या पडल्या ओरडले, धर तिला. ऋतुजाने माझ्याकडे पाहिलं, मनगटाचा वेढा सोडला आणि दोन्ही मुठी उघडल्या.

हरणी गाड्याच्या मागे चढणीला लागली. मोकळी, पाठीवर कुणी नाही, कासरा हवेत. इतकी सुंदर पळणारी घोडी मी जन्मात पाहिली नव्हती. एकेक ढांग लांबलचक, आणि ती ढांग मीच मोकळी करून दिली होती. कडेकडेने तिने बैलांना गाठलं, त्या दुसऱ्या घोडीलाही मागे टाकलं आणि आपल्या जागी, सगळ्यांच्या पुढे जाऊन ती घाट चढली. निवेदकाला शब्द सुचेनात. माणसं बेभान झाली होती. मी रडत रडत चढत होते.

वर पोचले तेव्हा ती उभी होती. मग मागचा भाग हळूहळू खचला आणि ती कुत्र्यासारखी बसली. पुढचे पाय रोवलेले, मागचे निकामी. मोबाइल घेतलेल्या माणसांचं कोंडाळं. किसनभाऊंनी त्यांना अक्षरशः ढकलून जागा केली. ऋतुजा हरणीच्या मानेला धरून बसली आणि किती वेळाने पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"ओढून धरली असती तर तिथंच मोडली असती. म्हणून सोडली."

बरोबर केलंस, मी म्हटलं, आणि कामाला लागले. कणा चाचपला, शेपटीला चिमटा घेतला, ती हलली. खूर दाबला, तिने पाय आखडला. संवेदना होती, मोडलं काही नव्हतं. पण अशा वेळी तिला उचलायचं नसतं, तिचं तिने उठायचं असतं, आणि लवकर उठायचं असतं. ओलं फडकं कंबरेवर टाकलं, आखडलेल्या स्नायूंवर दोन्ही तळहात ठेवून बसले. ती उठायला गेली, अर्ध्यात ढासळली. पुन्हा गेली, पुन्हा ढासळली. प्रत्येक वेळी कान त्या भोंग्याकडे. खाली पुढचा गाडा जुंपला होता, आणि तो आवाज आला की ती वेडीपिशी होऊन पुढच्या पायांनी माती उकरायची.

पंच आले. दोन घोड्या घाटात आल्या, बारी धरता येत नाही, अण्णांना सांगा, असं म्हणू लागले. अण्णा तिथेच होते. मी पाहिलंच नव्हतं. हरणीचं डोकं मांडीवर घेऊन ते मातीत बसले होते. वर न बघताच बोलले.

"बारी बाद करा. पर तो भोंगा आधी बंद करा. तिला वाटतंय, अजून पळायचं ऱ्हायलंय."

पंचांपैकी एक जण खाली पळाला. भोंगा थांबला. जत्रेचा तेवढा मोठा जमाव गप्प झाला, लहान मुलांचा आणि बैलांच्या घंटांचाच काय तो आवाज. हरणीचे कान एकेक करून सैल पडले. तिने मोठा श्वास सोडला. माझ्या तळहातांखाली काहीतरी मोकळं होत गेलं. मग तिने पुढचे पाय लांब केले, मागचे पोटाखाली घेतले आणि ती उठली. डगमगली, आणि उभी राहिली.

पळंल का परत, असं किसनभाऊंनी विचारलं. मी नाही म्हटलं. पाठीवर कुणी बसणंही नाही, कधीच नाही. ते मुलीकडे बघायचं टाळत होते.

"बसत न्हाई," ऋतुजा म्हणाली. "संगं चालंल ना?"

चालेल, मी म्हटलं. रोज चालवावीच लागेल.

त्या दिवशी तिला पिकअपमध्ये चढवण्यासारखं नव्हतं. डिंभ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने चालतच न्यायचं ठरलं, वाटेत अण्णांच्या सोयऱ्यांकडे मुक्काम करत. भोंगा अजून बंद होता. ऋतुजाने कासरा हातात घेतला, ओढला नाही, नुसती दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. हरणीने तिच्याकडे पाहिलं आणि मागचा डावा पाय उचलला.